थंडीत पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही: इंजिन ऑईल कोणते घालावे?

कडोली_शिवार

सर्वांना नमस्कार. बेळगावजवळ कडोलीला माझ्याकडे ४५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, अकरा वर्षे वापरलेला ट्रॅक्टर आहे. सध्या गळीत हंगाम चालू असून ऊसतोडीची टोळी पहाटे पाचलाच फडात उतरते. त्यामुळे त्याआधी ट्रॅक्टर सुरू करून ट्रॉली फडात लावून द्यावी लागते. गेल्या पंधरा दिवसांपासून पहाटे सेल्फ मारला की इंजिन अगदी जड फिरते आणि तीन-चार प्रयत्नांत बॅटरी बसते. मग शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला दोरखंड बांधून ओढावे लागते. एकदा सुरू झाला की दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू होतो. पहाटे ओसरीवरचा थर्मामीटर ११ ते १२ अंश दाखवतो.

आमचे फिटर म्हणतात की थंडीने तेल घट्ट होते, म्हणून ५डब्ल्यू-३० घालावे. तेलाचे दुकानदार म्हणतात की जुन्या ट्रॅक्टरला २०डब्ल्यू-५० सोडून दुसरे काही घालूच नये. कंपनीची पुस्तिका घराच्या डागडुजीत कुठेतरी गेली. तेल बदलायचे म्हणजे सात-आठ लिटरांचा खर्च आहे, म्हणून आधी जाणकारांना विचारावे असे ठरवले.

घाटमाथा_जांबोटी

माझ्या समजुतीप्रमाणे नेहमीच्या १५डब्ल्यू-४० तेलातले १५डब्ल्यू म्हणजे ते तेल १५ अंशांपर्यंतच चालते. आपल्याकडे पारा ११ पर्यंत उतरला म्हणजे ते त्या मर्यादेखाली आले. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तर झाडीमुळे आणि दंवामुळे पहाटे आणखी गारठा असतो. तेव्हा फिटर सांगतात ते बरोबर असावे.

उद्यमबाग_लेथ

जांबोटीकर, ही समजूत आपल्या भागात फार जुनी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डब्यावरचा १५ हा आकडा अंशांचा नाही आणि डब्ल्यू हे अक्षर वजनाचेही नाही. ते हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे-३०० या मानकात प्रत्येक डब्ल्यू श्रेणीसाठी एक ठराविक थंड तापमान दिले आहे आणि त्या तापमानाला तेल किती घट्ट असलेले चालेल याची कमाल मर्यादा घातली आहे. लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा की डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यातून ३५ वजा करावेत. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला. सेल्फने इंजिन फिरवता येईल का, एवढ्यापुरती ही चाचणी आहे. तेलपंपाला तेल ओढता येईल का, याची वेगळी चाचणी त्याहून पाच अंश खाली घेतात.

याचा अर्थ असा की १५डब्ल्यू-४० हे तेल उणे २० अंशांच्या थंडीतही इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहते, आणि आपण बोलत आहोत ते अधिक ११ अंशांबद्दल. दोन्हींत ३१ अंशांचे अंतर आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आपली थंडी आपल्याला बोचते हे खरे, पण तेलाच्या तक्त्यात तिला थंडी म्हणत नाहीत.

आता आकड्यांत पाहू. तेलाच्या तांत्रिक पत्रकात ४० आणि १०० अंशांची घट्टपणाची मापे सेंटिस्टोक या एककात छापलेली असतात आणि त्यावरून मधली व खालची मापे काढता येतात. नेहमीचे १५डब्ल्यू-४० डिझेल तेल ४० अंशांना ११० च्या आसपास असते. १० अंशांना ते सहाशेच्या घरात जाते. ५डब्ल्यू-३० त्याच वेळी तीनशेच्या आतबाहेर असते. २०डब्ल्यू-५० मात्र हजाराच्या घरात पोहोचते. उणे २० अंशांना १५डब्ल्यूला जी कमाल मर्यादा दिली आहे, ती आपल्या पहाटेच्या घट्टपणाच्या दहापटींहून अधिक आहे. म्हणून १५डब्ल्यू-४० घातलेला ट्रॅक्टर ११ अंशांना तेलामुळे अडतो, हे मला पटत नाही. दोष दुसरीकडे शोधावा.

त्याआधी एक प्रश्न. सध्या चेंबरमध्ये नेमके कोणते तेल आहे? आपण ते लिहिलेले नाही.

निपाणीकर

तेल कोणते हे नंतर पाहू, पण कडोलीकर, पहाटे एअर क्लीनरच्या तोंडाशी तेलाचा बोळा पेटवून धरण्याचा उद्योग कृपया करू नका. आमच्याकडे तंबाखूच्या भाड्याच्या दिवसांत एका गाडीवानाने तो केला आणि रबरी नळी व फिल्टर दोन्ही जळाले. इंजिन चालू करण्यासाठी इथरच्या स्प्रेचा डबा फवारण्याचाही तोच प्रकार आहे. ज्या इंजिनाला हीटर प्लग असतात, त्यात इथर फवारले तर ते वेळेआधी पेटून पिस्टन आणि रिंगा मोडू शकतात.

आणि सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, ते आधी पाहा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते पण पेटत नाही, म्हणजे फेरे कमी पडतात, कॉम्प्रेशन उतरले आहे किंवा टायमिंग चुकले आहे. धूर मुळीच येत नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. रात्रीत नळीतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परतते आणि सकाळी हातपंपाने हवा काढल्याशिवाय चालू होत नाही. त्यात तेलाचा काही संबंध नसतो. वॉशरला पडलेली केसाएवढी चीरही त्याला पुरते.

कडोली_शिवार

धूर येतो आणि तो पांढराच असतो. हवा काढून पाहिली, फरक पडला नाही. तेलाची जुनी पावती सापडली. मागच्या वर्षी ऑईल प्रेशरचा दिवा अधूनमधून लागत होता, तेव्हा एका गॅरेजमध्ये २०डब्ल्यू-५० घालून दिले होते. त्यानंतर दिवा लागणे कमी झाले, म्हणून मीही ते विसरून गेलो. त्यावर आतापर्यंत ३१० तास झाले आहेत.

उद्यमबाग_लेथ

मग प्रश्नाचे स्वरूप बदलले. ट्रॅक्टरचे तेल बहुतेक पुस्तिकांत २५० तासांना बदलायला सांगितलेले असते. आपले तेल मुळातच घट्ट, वर त्यात साठ तासांची जास्तीची काजळी आहे. डिझेल इंजिनाच्या तेलात काजळी साठत गेली की ते काळे होतेच, शिवाय दाटही होते, आणि हा दाटपणा थंडीत अधिक जाणवतो. तरीही मी म्हणेन की एवढ्याने इंजिन अडणार नाही. घट्टपणा दुप्पट झाला म्हणून फिरवण्याचा भार दुप्पट होत नाही, कारण रिंगांचे घर्षण आणि कॉम्प्रेशनचा विरोध तसाच राहतो. सेल्फ आणि बॅटरी ठणठणीत असतील तर ११ अंशांना २०डब्ल्यू-५० वरही इंजिन फिरायला हवे.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दाबलेली हवा तापून त्यात डिझेल पेटते. फेरे मंदावले की दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटायला आणि तिची उष्णता थंड लायनरमध्ये जायला वेळ मिळतो, आणि पेटण्याइतके तापमान गाठलेच जात नाही. आपला पांढरा धूर तेच सांगतो. तेव्हा फेरे का मंदावतात, हे शोधावे लागेल. मल्टिमीटर मिळाला तर तीन मापे घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचे व्होल्टेज. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या दोन खिळ्यांवरचे व्होल्टेज. आणि सेल्फ मारत असतानाच बॅटरीच्या ऋण खिळ्यापासून इंजिनाच्या उघड्या लोखंडापर्यंतचे व्होल्टेज. हे तिसरे माप कोणी घेत नाही आणि बहुतेक वेळा चोर तिथेच असतो.

येळ्ळूर_माजी_सैनिक

मी मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो आहे. लडाखमध्ये असताना वाहन विभागाशी माझा रोजचा संबंध होता, त्यामुळे खरी थंडी तेलाचे काय करते हे डोळ्यांनी पाहिले आहे. उणे २० आणि त्याखाली डिपस्टिक काढली तर तेल थेंबाने गळत नसे, मधासारखे ओघळत असे. तिथे ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू तेल घालणे हा चैनीचा भाग नसतो. तरीही रात्री ठराविक अंतराने इंजिने चालू करून तापवावी लागत. बॅटरी आत उबेत आणून ठेवत असू, कारण शून्य अंशाला शिशाच्या बॅटरीची क्षमता साधारण पाचव्या हिश्श्याने घटते आणि त्याखाली ती आणखी घसरत जाते.

तिथे तेलाच्याही आधी डिझेल दगा देते, हे इथल्या मंडळींना सांगितले पाहिजे. आपल्या साध्या डिझेलमध्ये मेण असते, ते थंडीत वेगळे होऊन फिल्टर बुजवते. भारतीय मानकानुसार फिल्टरमधून डिझेल वाहण्याची तापमान-मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. म्हणूनच इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल आणले. बेळगावातून लेहला गाडी घेऊन जाणारी तरुण मुले अलीकडे पुष्कळ दिसतात. त्यांनी हिवाळ्यात जायचे असल्यास तेल, डिझेल आणि रेडिएटरमधील कूलंट या तिन्हींचा विचार करावा. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असेल तर ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकते. नळाचे साधे पाणी भरून गेलेल्या गाडीचा ब्लॉक तडकतो.

कडोलीकर, तुमच्या शिवारात यातले काहीच घडत नाही. लेथवाले सांगतात तसे वायरीकडे पाहा.

भालकीकर

बीदर जिल्ह्यात आमच्याकडे पारा काही पहाटे एक आकडी होतो, तरी १५डब्ल्यू-४० वर ट्रॅक्टर चालतात. मात्र विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनाबद्दल कोणी लिहिले नाही. त्यात आम्ही पूर्वीपासून एकेरी ४० नंबरचे तेल घालत आलो आहोत आणि थंडीत हँडल मारताना हात भरून येतात. त्याला काय करावे?

उद्यमबाग_लेथ

भालकीकर, आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले. वर मी तेलाला निर्दोष म्हटले ते सेल्फ असलेल्या इंजिनापुरते. हँडलच्या इंजिनात बॅटरी म्हणजे आपला दंड, आणि त्याची ताकद मोजून-मापून असते. एकेरी ४० नंबरच्या तेलाची थंडीतली चाचणी झालेलीच नसते, कारण त्याच्या नावात डब्ल्यू नाही. १० अंशांना ते २०डब्ल्यू-५० इतकेच, म्हणजे हजाराच्या घरात घट्ट होते, आणि १०० अंशांना मात्र १५डब्ल्यू-४० पेक्षा जास्त जाड राहत नाही. थोडक्यात, गरम इंजिनात त्याचा जादा लाभ काही नाही आणि थंडीत हाताला त्रास मात्र आहे. इंजिनाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० घाला. डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधील दाब सोडणारी) दांडी उचलून, डिझेल बंद ठेवून, आधी दहा-बारा फेरे रिकामे मारा. त्यात तेल बेअरिंगांपर्यंत जाते आणि मग दांडी सोडून जोर लावा.

घाटमाथा_जांबोटी

माझी समजूत चुकीची होती हे मान्य. पण मग ५डब्ल्यू-३० घातल्याने नुकसान तरी काय? थंडीत पातळ, म्हणजे चांगलेच की. माझ्या भाच्याच्या नव्या पेट्रोल गाडीत तर ०डब्ल्यू-२० घालतात.

उद्यमबाग_लेथ

नुकसान दुसऱ्या आकड्यात आहे. ३०, ४०, ५० हे आकडे गरम इंजिनातील घट्टपणाचे आहेत: १०० अंशांना ३० नंबरचे तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० नंबरचे १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचे १६.३ ते २१.९ असावे लागते. शिवाय १५० अंशांना, जोरात घासले जात असताना तेलाचा पदर किती टिकतो याचीही वेगळी अट आहे; ३० नंबरला ती (मिलिपास्कल-सेकंद या एककात) किमान २.९ आहे आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७. दोन ट्रॉल्या ऊस भरून चढाला लागलेल्या अकरा वर्षांच्या इंजिनाच्या बेअरिंगांत हा फरक जाणवतो. पहाटेच्या दोन मिनिटांसाठी दिवसाचे दहा तास धोक्यात घालण्यात अर्थ नाही. खरोखर पातळ सुरुवात हवी असेल तर १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० पाहावे, पण तेही डिझेलसाठीच्या सीआय-४ किंवा त्यावरच्या दर्जाचे असावे. आपल्या हवेत त्यासाठी जादा पैसे मोजण्याची मला तरी गरज वाटत नाही.

भाच्याच्या गाडीचे इंजिन मुळात पातळ तेल गृहीत धरून बनवलेले आहे आणि तिथे ०डब्ल्यू-२० देण्यामागे थंडीपेक्षा इंधनबचतीचा विचार अधिक आहे. त्यात १५डब्ल्यू-४० घालू नये, आणि तिचे तेल ट्रॅक्टरला घालू नये. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना तर राख कमी असलेलेच तेल लागते, नाहीतर सायलेन्सरमधील काजळीची गाळणी बुजते.

निपाणीकर

दुचाकीवाल्यांसाठी एक ओळ जोडतो. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए-२ लिहिलेलेच तेल घ्यावे. कारचे ५डब्ल्यू-३० स्वस्तात मिळाले म्हणून घातले तर क्लच घसरू लागतो. थंडीत किक जड वाटली तर क्लच दाबून दोन किका रिकाम्या मारल्या की प्लेटा सुटतात आणि पुढची किक हलकी लागते.

कडोली_शिवार

आज पहाटे भाच्याला कॉलेजातला मल्टिमीटर आणायला लावून तिन्ही मापे घेतली. उभ्या बॅटरीला १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.३. ऋण खिळ्यापासून इंजिनापर्यंत मात्र १.५ व्होल्ट दाखवतो.

उद्यमबाग_लेथ

चोर सापडला. हे तिसरे माप अर्ध्या व्होल्टच्या आतच असायला हवे. बॅटरी चांगली आहे, पण दीड व्होल्ट ऋण खिळा इंजिनाला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतच अडकतो आणि सेल्फला नऊही मिळत नाहीत. दुपारी इंजिन गरम असताना ते कसेबसे फिरते, म्हणून दोष लक्षात येत नाही. पहाटे घट्ट तेल आणि कमी व्होल्टेज एकत्र आले की फेरे मंदावतात. पट्टी दोन्ही टोकांना सोडा, खालचा रंग आणि गंज काँक्रीटसारखा घट्ट बसलेला असेल तो कानसीने घासून चकचकीत लोखंड उघडे करा, पट्टीच्या तारा तुटल्या असतील तर नवी जाड पट्टी घाला. तेल आज बदलू नका. दोन गोष्टी एकदम केल्या की कशाने गुण आला हे कळत नाही.

येळ्ळूर_माजी_सैनिक

शेवटच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन. आणि प्रेशरचा दिवा विसरू नका. घट्ट तेल घालून दिवा विझवणे म्हणजे आजार तसाच ठेवून ताप उतरवणे आहे. दिव्याचा स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावून इंजिन गरम असताना दाब पाहा. बेअरिंगे झिजली असतील तर ते आत्ताच कळलेले बरे, हंगामाच्या मध्यात नको.

कडोली_शिवार

आठ दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. फडातून सवड मिळत नव्हती. अर्थिंगची पट्टी आतून अर्धी तुटलेली निघाली. नवी घातली आणि त्याच जुन्या तेलावर दुसऱ्या दिवशी पहाटे १२ अंशांना दुसऱ्या सेल्फला ट्रॅक्टर चालू झाला. चार दिवस तसेच चालवून मग १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस तेल आणि नवा फिल्टर घातला. त्यानंतर पहिल्याच सेल्फला चालू होतो आणि आवाजही मोकळा येतो. म्हणजे गुण मुख्यतः पट्टीचा, उरलेला तेलाचा, असे मी धरतो.

येळ्ळूरच्या माजी सैनिक काकांनी सांगितल्याप्रमाणे फिटरांकडून गेजही लावून पाहिला. गरम इंजिनाला मंद गतीत एक किलोच्या वर आणि भर गतीत तीन किलोपर्यंत दाब आहे. फिटरांच्या मते एवढ्या जुन्या इंजिनाला तो पुरेसा आहे. बिघाड दिव्याच्या स्विचमध्ये होता, तो बदलला. मागच्या वर्षीचे २०डब्ल्यू-५० विनाकारणच घातले गेले होते.

रिकामा डबा भोक पाडूनच टाकला, कारण त्यात पुन्हा भलतेच तेल भरून विकणारे आपल्या बाजारात आहेत. आता घरी मागच्या वेळचे साडेतीन लिटर कोरे २०डब्ल्यू-५० शिल्लक आहे. ते विहिरीवरच्या इंजिनात घातले तर चालेल का?

भालकीकर

हँडल कोण मारणार आहे, त्यावर ते अवलंबून आहे.